कॅसेटची घरची बाजू

वनिताला, म्हणजे मला, बाराखडीच्या आधी विमानतळांची अक्षरं यायला लागली, असं आई येईल-जाईल त्याला सांगायची. साफ खोटं. बाबा पहिल्यांदा बहारीनला गेले तेव्हा मी चांगली चौथीत होते. पण आईला एखादी गोष्ट सांगायला आवडली की ती खरी की खोटी याचं तिला काही पडलेलं नसायचं, आणि मलाही ते ऐकायला गोड वाटायचं, कशाला नाकारू! खाडीकाठच्या सारसोळे गावातल्या आमच्या घरात पुढच्या खोलीत एक दोरी बांधलेली होती. तिच्या एका टोकाला आत्याचे सुके बोंबील आणि दुसऱ्या टोकाला बाबांच्या बॅगांच्या मुठीवरून सोडवलेल्या कागदी पट्ट्या. बीएएच म्हणजे बहारीन, बीओएम म्हणजे आपली मुंबई. मधे कुठे उतरून विमान बदलावं लागलं तर डीओएच म्हणजे दोहा, नाहीतर एमसीटी म्हणजे मस्कत. त्या पट्ट्यांना बोंबलाचा वास लागायचा आणि आत्या म्हणायची की बोंबलाला विमानाचा लागतो. बाबांनी सुट्टीवर आल्यावर मला शिकवलं होतं, "तीन अक्षरं पासिंजरची नि चार अक्षरं पायलटची." पायलट लोक बहारीनच्या विमानतळाला बीएएच म्हणत नाहीत, ओबीबीआय म्हणतात. त्याच बेटावर खाली दक्षिणेला लढाऊ विमानांचा तळ आहे, तो ओबीबीएस. असं सगळं मी दोनशे पानी वहीत रेघा मारून लिहून ठेवलं होतं. शाळेत कुणी विचारत नव्हतं, पण मी सांगत सुटायचे.

आता आमच्या सोसायटीच्या डोक्यावरून नव्या विमानतळाची विमानं जातात. माझी लेक मोबाईल वर धरते आणि कुठलं विमान, कुठून आलं, सगळं वाचून दाखवते. "मम्मी, बीएएच आलंय बघ," असं एकदा सहज म्हणाली. मी कुकरच्या शिट्ट्या मोजायला आत गेले.

बाबा तिथे काय करायचे हे सांगितलं तर लोक हसतात, तेव्हाही हसायचे. ते पाखरं हाकलायचे. काशिनाथ, खाडीवर जाळं टाकणारा माणूस, गल्फच्या विमानतळावर पाखरं हाकलायला! पण ते काही येरागबाळ्याचं काम नव्हे. विमान उठताना एखादं पाखरू इंजिनात गेलं तर काय होतं ते बाबा हात हलवून असं काही सांगायचे की आमच्या हातातला घास हातातच राहायचा. बहारीनच्या विमानतळाला तीन बाजूंनी उथळ समुद्र. ओहोटीला पाखरं चिखलात चरतात. भरती आली, चिखल बुडाला की ती सगळी कोरड्या धावपट्टीवर येऊन बसतात. हे तिथल्या सायबांना ठाऊकच नव्हतं! ते आपले घड्याळ लावून सकाळ-संध्याकाळ गाडी फिरवायचे. बाबा मजूर म्हणून गेले होते, गवत कापायला. त्यांनी मुकादमाला सांगितलं, घड्याळ ठेवा खिशात, भरती कधी हाय ती मी सांगतो, तवा गाडी काढू. महिनाभरात त्यांना खाकी डगला, शिट्टी आणि धाडधाड वाजणारी गॅसची तोफ मिळाली. सारसोळ्याच्या खाडीत शिकलेली विद्या तिथे कामाला आली याचा बाबांना एवढा अभिमान होता की सुट्टीवर आले की तो डगला घालून जेट्टीवर फिरायचे, भर उन्हात.

पत्रं आमच्याकडे फार नव्हती. बाबांना लिहायचा कंटाळा, आईला वाचायचा. कॅसेट यायची. कुणी ना कुणी गाववाला परत यायचा, त्याच्या बॅगेत दुधाच्या पावडरचा डबा, खजूर, डोकेदुखीचं मलम आणि एक कॅसेट. त्या कॅसेटचा आमच्या घरी एक रिवाज होता. पहिली बाजू गल्लीची, दुसरी बाजू घरची. गल्लीची बाजू सगळ्यांनी मिळून ऐकायची. टेपरेकॉर्डर ओटीवर ठेवायचा, बायका आत, पुरुष पायरीवर, आणि बाबा जेट्टीपासून देवळापर्यंत एकेका घराचं नाव घेऊन रामराम घालायचे. एकही घर चुकवायचं नाही. एकदा पांडूकाकांचं नाव राहिलं तर ते पुढची कॅसेट येईपर्यंत आमच्या दारावरून तोंड फिरवून जात होते. मग आत्या सगळ्यांना खजूर वाटायची, आणि उरलेल्या खजुराची जवळा घालून चटणी करायची, जी तिच्याशिवाय कुणी खात नसे. सगळे गेले की दार लावायचं, चहा ओतायचा आणि आई कॅसेट उलटी करायची. ती घरची बाजू. तिच्यात बाबा आईला नावाने हाक मारायचे, जी ते समोर असताना कधी मारत नसत. माझ्या अभ्यासाचं विचारायचे, आत्याला उगाच चिडवायचे, आणि एकदा गणपतीत बोलता बोलता रडले पण होते. ते आम्ही कुणालाच सांगितलं नाही.

मला त्या कॅसेटमधलं मागचं आवडायचं. बाबांच्या बोलण्यामागे विमानं उठायची. लांबून घुमत, जड, गुरगुरत एक मोठा आवाज यायचा, वर चढायचा आणि हळूहळू विरायचा. हे पासिंजर. लढाऊ विमानाचा आवाज कसा असतो ते बाबांनी जेट्टीवर तोंडाने काढून दाखवलं होतं, जाडं कापड टर्रकन फाडावं तसा, आणि लगेच मागोमाग दुसरा, कारण ती जोडीने उठतात. मी तेही वहीत लिहिलं होतं.

तो हिवाळा इराक-कुवेतच्या भांडणाचा. टीव्हीवर रोज तीच बातमी. अमक्या देशाचं सैन्य आलं, तमक्याची विमानं उतरली, आता लढाई होणार. बहारीनचं नाव आलं की आई पदर तोंडाला लावून उभी राहायची. मी तेव्हा वाशीला अकरावीत जात होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. अशातच एका रविवारी दुपारी शेजारच्या करावे गावाहून मामा कॅसेट घेऊन आला. मामा म्हणजे आईचा भाऊ. त्याच्या ओळखीचा कुणीतरी बहारीनहून आला होता. एरवीपेक्षा दुप्पट माणसं जमली. पायरीवर जागा नव्हती, पोरं खिडकीला लटकलेली.

"सगल्यांना काशिनाथचा रामराम," बाबा सुरू झाले. आवाज नेहमीचाच होता. पाच-सहा घरं झाली असतील, आणि मागे टर्रकन फाटल्यासारखा आवाज आला. लगेच दुसरा. बाबा थांबले. आवाज जाईपर्यंत थांबले आणि म्हणाले, "हां, कुठपरत आलो होतो?" सगळे हसले. मी उठले आणि टेप बंद केला.

काय सांगू, ते बटण मी दाबलं तेव्हा मला कसं वाटत होतं! लाज वाटते लिहायला. मला आनंद झाला होता. गल्लीतल्या एवढ्या मोठ्या माणसांना जे कळलं नाही ते मला कळलं होतं. "हे पासिंजर विमान नाहीये," मी म्हटलं. "बाबा ओबीबीआयला नाहीत. ओबीबीएसला आहेत. लढाऊ विमानांच्या तळावर."

"म्हंजे काय गो?" आईने विचारलं.

इथे तरी मी गप्प बसायला हवं होतं. मी वही घेऊन आले. बोट ठेवून दाखवलं. आणि म्हटलं, "म्हणजे लढाई झाली तर पहिला बॉम्ब तिथेच पडणार ना!"

आई खालीच बसली. बायकांनी तिला घेरलं, कुणी कांदा हुंगवला, कुणी रडायलाच लागल्या. पुरुषांत वाद पेटला, की पोरगी काय बोलते, हिला काय कळतं. मला त्याचा राग आला, तर मी आणखी जोरात सांगायला लागले. शेवटी मामा म्हणाला की करावेला एक म्हातारे आहेत, नौदलात होते, त्यांना आवाज ऐकवतो. त्याने कॅसेट काढून खिशात घातली आणि सायकलवर टांग मारली. संध्याकाळी येऊन म्हणाला, पोरगी बरोबर बोलते, विमान लढाऊच आहे. कॅसेट तिकडेच राहिली. त्या दिवशी आमच्या घरात घरची बाजू कुणी लावली नाही.

आई रात्री जेवली नाही, सकाळी चूल पेटवली नाही. "माजा मानूस मना परत पायजे," एवढंच म्हणत होती. मामा, आत्या, आई आणि मी, असे चौघे स्वयंपाकघरात बसलो. नुसतं ये म्हटल्याने कंपनी कुणाला सोडत नाही, हे गल्फला माणूस असलेल्या प्रत्येक घराला माहीत होतं. त्यासाठी तार लागते आणि तारेत कुणीतरी आजारी लागतं. सगळेच तसं करायचे. आता आजारी कोण पडणार? मामाने आत्याचं नाव घेतलं तशी आत्या उसळली. "मना कशाला मारता रं? बाजारात माजी मासलीची पाटी कोन लावंल, तुजा बाप? नि तारेत लिवलेलं खरं झालं तर?" आईचं नाव लिहायला मामा तयार होईना. बहिणीबद्दल असं अभद्र त्याच्या हातून होणार नव्हतं. मी म्हटलं, "माझं नाव लिहा ना. मला काय होतंय!"

मीच लिहिलं. घरात इंग्रजी मलाच येत होतं. मामाबरोबर वाशीच्या तार ऑफिसात गेले आणि फॉर्मवर सुंदर अक्षरात लिहिलं की मुलगी सीरियस, ताबडतोब निघा. त्या रांगेत उभी असताना मला घरच्या बाजूची आठवण झाली होती. हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. मला चांगली आठवण झाली होती, की अरे, दुसरी बाजू ऐकलीच नाही. मामाला नुसतं म्हणायचं होतं, आधी कॅसेट आणू. पण मला वाटलं, त्यात काय असणार, अभ्यास कर म्हणणार. आणि तार लिहायची मला घाई झाली होती. माझ्या पुढची माणसं संपली आणि मी फॉर्म आत सरकवला.

चार-पाच दिवस गेले. दुपारची वेळ होती. मी मागच्या पडवीत बसून तळलेली बोय मासळी आणि शिळा भात खात होते. रिक्षा थांबल्याचा आवाज आला आणि बाबा घरातून थेट मागे आले. अंगात खाकी डगला, तसाच, कामावरचा. बरोबर बॅग नाही, पिशवी नाही. दाढी वाढलेली. माझ्यासमोर गुडघ्यावर बसले आणि माझ्या कपाळाला हात लावला. मग गळ्याला लावला. हात गार पडला होता.

"ताप उतरला काय गो बाय?"

माझ्या तोंडात घास होता. मी नुसती मान हलवली. कशाला हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, मलाही कळलं नाही. बाबांनी ताटाकडे बघितलं, माशाच्या काट्यांकडे बघितलं. मग दारात उभ्या असलेल्या आईकडे. आई हात जोडून रडत होती. बाबा तिथेच भिंतीला टेकून बसले, आणि बराच वेळ नुसते "बरी हाय. पोर बरी हाय," असं म्हणत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग त्यांनी विचारलं, "घरची बाजू ऐकलीत ना तुमी?"

त्या दिवसांत आमच्याकडेच असलेला मामा सायकल काढून कॅसेट आणायला करावेला पळाला. तो येईपर्यंत बाबांनी पाय धुतले, आत्याने वाढलेला भात पुढे घेतला आणि तसाच ठेवला. कॅसेट आली. आईने दार लावलं. बाबा समोर बसलेले आणि टेपमधून बाबाच बोलायला लागले.

"आता घरचं बोलतो. दार लावलं ना? नीट ऐका नि घाबरू नका. मना महिनाभर खाली लढाऊ इमानांच्या तलावर दिलाय. इकडं विमानं लय वाढलीत नि पाखरांचा तरास हाय. आमाला सैन्याच्या तंबूंपासून लांब ठेवलाय, काय भ्या नाय. पन सायबानं सांगितलाय, मधी कोन घरी गेला तर त्याला परत घेनार नाय. जो राहील त्याला विमानतळावर पक्का करनार, नि बायको-पोरांना आनायचा कागद देनार. सही झाली तर तुमी सगली इकडं याल. तवा काय पन होऊ दे, मना तार करू नका." मग थोडा वेळ नुसती हवा वाजत होती. "वनिताला इमानाच्या आवाजावरून कललं असंल, मी तिला वलखतो. बाय, हुशार हायस तू. पन गल्लीत बोलू नको हां. नि आईला तू समजाव. तुजं ती ऐकंल."

बाबांनी हात पुढे करून टेप बंद केला.

आत्या पहिल्यांदा बोलली. ती म्हणाली, परत जा, आजच जा, पाया पड सायबाच्या. बाबा म्हणाले, "परत नाय जाता येनार. निघतानाच माजा कामाचा कागद फाडला त्यांनी. मी बोललो, फाडा, माजी पोर मरतेय तिकडं." एवढं बोलून ते माझ्याकडे बघायचं टाळत राहिले. बाहेर माणसं जमल्याचा आवाज येत होता. काशिनाथ आला ही बातमी जेट्टीपर्यंत पोचली होती. बाबा उठले, तोंड पुसलं आणि हळू आवाजात सगळ्यांना सांगितलं, "तारेचं कुनाला बोलायचं नाय. उद्या कोन पोरगी बघायला आला नि त्याला कललं, हिला काय तरी मोठा आजार होता, तर कोन करंल तिला? खोटं होतं म्हनून सांगितलं तरी लोक खरं मानतात." मग त्यांनी दार उघडलं. मी आत उभी होते आणि मला सगळं ऐकू येत होतं. पांडूकाकांनी विचारलं, "काय रं काशा, असा अचानक?"

"लढाईला घाबरलो," बाबा हसत म्हणाले. "पलून आलो."

लढाई झाली आणि महिना-दीड महिन्यात संपली. बाबांबरोबर तळावर दिलेली माणसं तिथेच राहिली, सगळी सुखरूप. त्यांतला एक करावेचा होता. पुढे त्याची बायको-पोरं बहारीनला गेली. सुट्टीवर आली की आम्हाला भेटायला यायची, आई त्यांना खायला करायची. बाबांनी कंपनीला दोनदा पत्र लिहिलं, माझ्याकडूनच लिहून घेतलं. उत्तर आलं नाही. ते वाशीच्या मार्केटात गोणी चढवण्या-उतरवण्याच्या कामाला लागले आणि तो खाकी डगला आत्याने पाटीखाली घालायला घेतला. बाबा काही बोलले नाहीत. मला बोलायला हवं होतं, नको घालू म्हणून. मी पण काही बोलले नाही. ती वही मी चुलीत घातली, पण त्याने काय होतंय!

गल्ली वाईट नव्हती. पण गल्लीला एकदा चेष्टेचा विषय मिळाला की ती सोडत नाही. दिवाळीत फटाका वाजला की कुणीतरी ओरडायचं, "काशा, पल! बॉम्ब पडला!" आणि बाबा दोन पावलं पळाल्यासारखं करायचे. लोक पोट धरून हसायचे. पोरंसुद्धा करायची. मी बारावीत, मग कॉलेजात, मग नोकरीला लागलेली, खिडकी लावून आत बसायचे. माझ्या लग्नात, मुंडावळ्या बांधून मी पाटावर बसलेली असताना, सासरच्या एका वडीलधाऱ्यांनी बाबांना मोठ्याने विचारलं, "तुम्ही म्हणे लढाईच्या भीतीने नोकरी सोडून आलात?" बाबा म्हणाले, "हो ना, जीव कुनाला नको असतो!" मांडव हसला. माझे नवे नातेवाईक हसले. मी मान खाली घातली आणि लोकांना वाटलं नवरी लाजली.

त्यानंतर तरी काय आड येत होतं? लग्न झालं होतं. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो समजून घेणारा होता. दर वेळी वाटायचं, आता सांगू, या दिवाळीला सांगू. पण सांगायचं तर तार मी लिहिली हे सांगावं लागलं असतं, घरची बाजू मला आठवली होती हे सांगावं लागलं असतं, आणि मी आता शिकलेली, नोकरी करणारी, माहेरच्या गल्लीत मान असलेली बाई होते. बाबा काही म्हणत नव्हते म्हणून मी सोयीने समजून घेतलं की त्यांना काही वाटत नाही. त्यांना काय वाटत होतं ते मी त्यांना कधी विचारलं नाही. एकदाही नाही.

बाबा गेले त्याला आता दोन वर्षं होतील. आई, मामा, आत्या आधीच गेलेली. दहाव्याला खाडीवर सगळी गल्ली आली होती. विधी आटोपले आणि माणसं जेट्टीवर चहा घेत बसली होती. पांडूकाका, आता पार वाकलेले, डोळे पुसत म्हणाले, "मानूस सोन्याचा होता. येक भित्रा तेवढा होता. बॉम्ब पडायच्या आधीच पलाला!" रडता रडता सगळे हसले, प्रेमानेच हसले. आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, लेकीला वाईट तर नाही ना वाटलं म्हणून. ज्याच्यासाठी लपवायचं असं कुणीच उरलं नव्हतं. माझी लेक माझ्या शेजारी उभी होती. मला फक्त तोंड उघडायचं होतं.

मी पण हसले.